नव्याच्या सणाचं ऊन पाणी

आबा, आईनं यंदा नव्याच्या सणाला, आपल्या नव्या वर्षाला, तीन दिवस अंगाला गरम पाणी लावू दिलं नाही. गुरुवार आणि शुक्रवार सणाचे, आणि त्याला लागून शनिवारचा शब्बाथ, आपला विसाव्याचा दिवस. या दिवसांत आपण लेखणी धरत नाही, म्हणून आज रविवारी दुकानाचं शटर अर्धं वर करून लिहायला बसलोय. शाहूपुरीत रविवारी फारसं कुणी येत नाही. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला उद्देशून मी एक ओळ लिहिली नाही. तुमच्या दिवसाला दिवा लावतो, शेमाची प्रार्थना म्हणतो, तेवढंच. आज लिहितोय ते आईमुळे. काल संध्याकाळपासून तिला ताप आहे, छाती घरघरते आहे. डॉक्टर घरी येऊन गेले. वय बघता काही सांगता येत नाही, दवाखान्यात हलवा, म्हणाले. ती नको म्हणते. खुब्याचं हाड मोडल्यापासून दीड वर्ष ती पलंगावरच आहे आणि नको म्हणणं एवढीच एक गोष्ट तिच्या हातात उरली आहे.

तुम्ही हे घर पाहिलेलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दाराच्या चौकटीवर मेझुझा, शास्त्रातल्या ओळींची ती डबी, आणि आत जाताना त्याला हात लावून ओठांना टेकवणारे मी, बायको आणि पडायच्या आधीपर्यंत आई. मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली. गल्लीत आपण कोण हे पुष्कळांना अजून नीट कळलेलं नाही. बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, म्हटलं की मान डोलावतात आणि पुढच्याच वाक्यात विचारतात, "म्हंजे ख्रिश्चनच न्हवं?" मी हो म्हणत नाही आणि नाही म्हणून समजावतही नाही. गावाकडं हा प्रश्न कधी आला नव्हता. तिथं आपण फक्त कंपाऊंडरचं घर होतो.

गारगोटीच्या पुढच्या त्या गावातली आपली न्हाणी मला अजून दिसते. मी सात-आठ वर्षांचा आहे. सणाच्या आदल्या दिवशी दुपारपासूनच तांब्याचा बंब पेटलेला आहे आणि तुम्ही मला दगडावर बसवून डोक्यापासून टाचेपर्यंत घासताय. साबण डोळ्यात जातो, मी भोकाड पसरतो. तुम्ही म्हणता, "आज काय रडायचं ते रडून घे. उद्या सण हाय, उद्या रडायचं न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी बंब गार असतो. घरात कुणी काडी ओढत नाही. आईनं रात्री चुलीत शेणीच्या राखेखाली निखारा जपून ठेवलेला असतो. तुम्ही तो उकरून काढता, फुंकर घालता, त्यावर चार काटक्या धरता आणि लहान पातेल्यात पाणी ठेवता. दूध तापतं, चहा होतो, भाकरी भाजली जाते. पातेल्यातल्या पाण्यानं तुम्ही माझं तोंड, हात आणि पाय धुता. मी अंगात घातलेला सदरा काढायला लागतो, तर तुम्ही म्हणता, "तोंड, हात, पाय. बाकीचं अंग कालचं चालतंय." असं कुणी सांगितलं म्हणून मी विचारतो. "माझ्या आज्ज्यानं," तुम्ही म्हणता. "आन् त्याला?" "त्याच्या आज्ज्यानं. आता गप बस आन् पाय पुढं कर."

तुमच्या सरकारी दवाखान्यातही पाणीच तापत असायचं. खोलीच्या कोपऱ्यात पंप मारायचा पितळी स्टोव्ह, त्यावर स्टीलची चपटी पेटी, आणि पेटीत उकळत असलेल्या काचेच्या सिरिंजा आणि सुया. शाळा सुटली की मी तिथं येऊन बाकावर बसत असे. बायका पोरांना घेऊन आलेल्या असत आणि तुम्ही सुई चिमट्यानं उचलून उजेडात धरत असा. शनिवारीही दवाखाना अर्धा दिवस चालू असे, आणि शनिवारीही तुम्ही तो स्टोव्ह पेटवत असा. लहानपणी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. वेगळं वाटायला लागलं ते मी शिकून आल्यावर.

मी तेविशीत असताना मुंबईला आपल्या समाजातल्या मुलांसाठी धर्माचे तीन महिन्यांचे वर्ग निघाले होते. तुम्हीच मला पाठवलंत. एसटी सुटायच्या आधी तुम्ही पिशवीतून तुमचा सिसिथ काढलात, प्रार्थनेच्या वेळी खांद्यावर घ्यायची ती तुमची शाल, आणि माझ्या हातात दिलीत. मी म्हटलं, मग तुम्ही काय घ्याल? तुम्ही म्हणालात, "मला सगळं तोंडपाठ हाय. तुला उघडून बघायला लागतंय, तुला शाल पायजे." मला तो टोमणा वाटला होता. आता वाटतं, तुम्ही लाजत होतात.

वर्गात मी मन लावून शिकलो. शब्बाथला काय चालतं आणि काय चालत नाही, जाळ, पाणी, ओझं, गाठ, सगळं वहीत उतरवलं. शेवटचे पंधरा दिवस सणांचे नियम होते. नेमका तेव्हा मला मलेरिया झाला आणि ते दिवस मी खाटेवर काढले. उठलो तेव्हा वर्ग संपला होता आणि शिकवणारे परत गेले होते. राहिलेली पानं कुणाकडून उतरवून घ्यावीत असं मला वाटलं नाही. सण म्हणजे मोठा शब्बाथच की, जे शब्बाथला चालत नाही ते सणाला कसं चालेल, असं मीच ठरवलं. गावातल्या शाळेत शिकलेला मी, पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीत घरात सगळ्यांपेक्षा जास्त जाणणारा झालो होतो. ते मला फार आवडलं होतं, आबा.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी मी दवाखान्यात येऊन तुम्हाला विचारलं होतं, "शब्बाथला स्टोव्ह पेटवता?" बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांच्यादेखत. तुम्ही पंप मारायचा थांबला नाहीत. "ह्ये बघ," तुम्ही म्हणालात, "सुई उकळली न्हाय आन् पोराचा दंड पिकला, तर तुझ्या वहीतनं कोन येनार हाय फुंकर घालाय?" म्हाताऱ्या हसल्या. मी लालबुंद होऊन निघालो. तुम्ही मागून आलात, पायरीवर उभे राहिलात आणि हळू म्हणालात, "नेम पाळायचाच. पर पाळायच्या आधी समोर कोन बसलंय ते एकदा बघायचं." मला त्यात फक्त पळवाट दिसली होती.

आणि तरी नव्याच्या सणाला तुम्ही माझं ऐकलंत. त्या वर्षी आईनं राखेत निखारा ठेवला नाही. सगळं आदल्या दिवशी शिजवून ठेवलं, सणाचे दोन्ही दिवस आपण गार खाल्लं, चहासुद्धा झाला नाही. तुम्ही विहिरीच्या गार पाण्यानं तोंड धुतलंत आणि अंगणात उभे राहून शेजारच्या आक्कांना मोठ्यानं सांगितलंत, "आमचं पोरगं शिकून आलंय. आमी इतकी वर्सं चुकत हुतो." आक्का म्हणजे पलीकडच्या किराणा दुकानवाल्यांच्या घरातल्या, माहेर सीमेपलीकडचं, सगळं गाव त्यांना आक्काच म्हणायचं. त्या कपाळाची विभूती पुसू नये म्हणून पदर जपत म्हणाल्या, "चुकत हुतासा तर एवढं बरं कसं चाललं हुतं तुमचं, भाऊजी?" तुम्ही हसलात. तुमच्या त्या बोलण्यात अभिमान होता. तुम्ही शंभर टक्के बरोबर होतात आणि मी सांगितलं म्हणून आनंदानं चुकीचे झालात.

पुढच्या पावसाळ्यात तुमच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. पाऊस सरत नव्हता. घरभर दोऱ्या बांधून आई चादरी वाळत घालायची आणि त्या वाळायच्या नाहीत. सण आला तेव्हा तुम्ही दोन महिने अंथरुणात होतात.

सणाची पहिली सकाळ. तुम्ही भिजलेले आहात, घाणीत आहात. मी दारात उभा आहे. तुम्ही डाव्या हातानं मला जवळ बोलावता आणि म्हणता, "ऊन पाणी. आंघूळ घाल." मी म्हणतो, "आबा, आज सण. आज पाणी तापवायचं नाही." तुम्ही थोडा वेळ वर आढ्याकडं बघता. मग म्हणता, "हात-पाय तरी." मी म्हणतो, "नाही, आबा." तुम्ही विचारता, एकेक शब्द ओढत, "आंघूळ... सगळ्यास्नी लागत न्हाय व्हय रं?" एवढ्यात दुधाचा तांब्या घेऊन आक्का येतात. त्यांनी सगळं ऐकलेलं आहे, कारण आपल्या भिंती तेवढ्याच जाड होत्या. त्या म्हणतात, "अय्यो, तुमास्नी चालत नसंल तर नगा तापवू. माझी चूल हाय की. माझ्या देवाला चालतंय, हंडाभर आणून देते." मी म्हणतो, "आक्का, आमच्यासाठी दुसऱ्यानं तापवलेलंपण नाही चालत." त्या माझ्याकडं बघतात, मग तुमच्याकडं. "पोरा, बाप हाय त्यो," एवढंच म्हणतात आणि तांब्या ठेवून जातात.

आई आतल्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, एकदाच. मग रांजणातल्या पाण्यात पंचा भिजवला, पिळला आणि तुम्हाला पुसायला लागली. पहिल्या स्पर्शाला तुमचा डावा हात चादरीवर घट्ट मिटला. ती पुसत राहिली. शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं." तेवढा शब्द आजारानं तुमच्याकडं स्पष्ट ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गार पंचा. त्या दिवशी तुम्ही पाणी मागितलं नाहीत. संध्याकाळी, सण संपायच्या थोडं आधी, तुम्ही गेलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून मामा आले, आपल्यातली आणखी दोन माणसं घेऊन. मयताला आंघोळ घालायची रीत त्यांना माहीत होती. त्यांनी बाह्या वर केल्या आणि मला म्हणाले, "पाणी कोमट करून आण." मी विचारलं, "गरम?" ते म्हणाले, "मग काय गार घालणार? आपल्यात मयताला गार पाणी घालत नाहीत." मी चुलीकडं गेलो तर ती दोन दिवस विझलेली. आक्कांना कुणी सांगितलं देव जाणे, हंडा घेऊन त्या दारात उभ्या होत्या, वाफ निघत होती. तो माझ्या हातात देताना त्यांनी आवाज खाली घेतला नाही. "परवा घेतलं असतंस तर जित्या अंगावर पडलं असतं." आतून आईचा आवाज आला, रडून बसलेला पण ठाम. "आक्का, देवाचा नेम हुता. त्यांनी पाळला. जाताना पाळून गेले." आक्का पदर सावरून परत गेल्या. मी हंडा घेऊन आत वळलो. त्या घटकेला मलाही आईचं खरं वाटत होतं.

मग आम्ही दार लावून घेतलं. मामा तुमच्या पाठीवर पाणी ओतता ओतता थांबले. पाठ कशी झाली होती हे मी इथं लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी विचारलं, "किती दिवस आंघोळ नाही?" मी म्हटलं, "सण होता." "मग?" ते म्हणाले. "सण म्हणजे शब्बाथ आहे का? सणाला तोंड-हात-पाय धुवायला पाणी तापवतातच की. आणि आजारी माणसाला तर शेजाऱ्यानं तापवून दिलेलं सगळ्या अंगाला चालतं. तुला नाही म्हणून कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "मला वाटलं." "वाटलं," मामा म्हणाले, आणि पुन्हा ओतायला लागले. नंतर त्यांनी हा विषय जन्मभर काढला नाही. तेही गेले आता.

तुम्हाला पुण्यापर्यंत न्यायची आमची ताकद नव्हती. आक्कांच्या भावकीनं त्यांच्या समाजाच्या दफनभूमीत कडेची जागा दिली. तेही आपल्यासारखेच मातीत ठेवणारे. त्यांचा एक म्हातारा म्हणाला, "कंपाऊंडरनं आमच्या सगळ्यांस्नी टोचलंय, आता आमच्यातच ऱ्हावू द्या." लोक हसले. मीसुद्धा हसलो असेन. घरी आल्यावर आईला मामांचं बोलणं सांगायचं मी ठरवलं होतं. सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसलो होतो, त्या सातांतल्या प्रत्येक दिवशी ठरवत होतो. पण भेटायला जो येईल त्याला ती पहिलं वाक्य हेच सांगत होती, "मरणाच्या दारात हुते, पर सणाचं ऊन पाणी अंगाला लावून घेतलं न्हाय." ते सांगताना ती ताठ बसायची. तिच्याजवळ तुमच्या शेवटच्या दिवसांतलं तेवढं एकच वाक्य होतं की जे बोलताना ती रडत नव्हती. मी ते काढून घेऊ शकलो नाही. मग वर्ष गेलं, आणि दुसरं गेलं, आणि ते वाक्य घराच्या भिंतीसारखं झालं. मुंबई-पुण्याहून आपल्यातलं कुणी आलं तरी ती सांगायची. ज्यांना नियम ठाऊक होता ते एकदा माझ्याकडं बघायचे. मी खाली बघायचो. ते म्हणायचे, "मोठी श्रद्धा होती त्यांची."

मी नंतर सगळं वाचलं, आबा. जिथं मिळेल तिथं, कुणाला पत्र टाकून, आता मोबाईलवर. सणाला जुन्या जाळावरून जाळ घेता येतो, नवी काडी ओढायची नसते. शिजवता येतं. तोंड-हात-पाय धुवायला पाणी तापवता येतं. सबंध अंगाच्या आंघोळीला मात्र तापवायचं नाही. ही सगळी तुमच्या आज्ज्याची न्हाणीच होती, निखाऱ्यासकट. कारणही वाचलं. सणाला जाळ वापरायची मुभा आहे ती सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टींसाठी. अन्न सगळ्यांना लागतं. पण जुन्या काळी रोज अंगभर ऊन पाणी घेणं ही ऐपतदाराची चैन होती, सगळ्यांची गरज नव्हती, म्हणून तेवढं वगळलं. आता रोज सगळेच आंघोळ करतात, मग ते चालावं की नाही यावर मोठमोठे जाणकार अजून वाद घालतात. तुम्ही अंथरुणातून, अर्ध्या जिभेनं, मला नेमका तोच प्रश्न विचारला होता.

आणि मी पोट भरतो ते कशावर, तर सोलर हीटर आणि गीझर बसवण्यावर. गाव सोडून कोल्हापूरला आलो तेव्हा एका दुकानात हेच काम मिळालं, पुढं स्वतःचं दुकान झालं, यात मी काही ठरवलेलं नव्हतं. सकाळी सहाला फोन येतो, "पावणं, पाणी हाय का चेष्टा? ह्यात कोंबडीची पिसं बी निघायची न्हाईत!" दिवाळीच्या आधी तर मला जेवायला सवड नसते. अंगाला ऊन पाणी मिळालं नाही तर माणसं किती चिडतात, किती केविलवाणी होतात, हे माझ्याइतकं या शहरात कुणाला ठाऊक नसेल. मी पाने-पक्कड घेऊन गच्चीवर चढतो आणि प्रत्येक घरात पाणी तापवून देतो.

यंदाचं सांगतो. गुरुवारी सकाळी आईला पुसायला म्हणून बायकोनं कोमट पाण्याची बादली आणली. बाहेर नवरात्र बसलं होतं, देवळाकडं जाणाऱ्यांची गर्दी रस्त्यावर होती. गेल्या वर्षीपर्यंत सणाला आई आपली आपण गार पाण्यानं तोंड धुवायची, मी काही म्हणत नसे, आणि उरलेलं अंग तसंच चालून जायचं. यंदा तिच्या पाठीला जखमा आहेत, रोज धुवाव्या लागतात. तिनं बादलीत बोट बुडवलं आणि म्हणाली, "आज सण न्हवं?" मी म्हटलं, "आई, हे चालतं. आजारी माणसाला चालतं." ती म्हणाली, "कवापासनं?"

मी म्हटलं, "पूर्वीपासनं." हे मी म्हटलं, आबा. एवढं तोंडातून गेलं. तिचे डोळे आता धुरकट झालेत, पण तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मग तुझ्या आबास्नी का न्हवतं चालत?"

बायको बादली धरून उभी होती. तिला मी मामांचं बोलणं लग्नानंतर केव्हातरी सांगितलं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मला फक्त तीन शब्द म्हणायचे होते, तेव्हा माझं चुकलं. मी म्हटलं, "म्हणजे, आता नवीन सवलत दिली आहे. म्हाताऱ्या माणसांना."

आई हसली. खोकला येईपर्यंत हसली. "देवाचा नेम काय येष्टीचं तिकीट हाय व्हय रं, म्हाताऱ्यांस्नी सवलत द्याया?" मी म्हटलं, "आई, यात जाळ नाही, हे सोलरचं आहे. उन्हानं तापलंय, कुणी तापवलेलं नाही." ती म्हणाली, "ऊन देवाचं. पर टाकी तूच बसवलीस न्हवं?" मग तिनं बादली हातानं बाजूला सारली. "त्यांनी सोसलं. माझ्यापेक्षा आजारी हुते, तरी सोसलं. मी आता शेवटाला त्यांच्या फुडं कमी पडू व्हय? गार आण गं, सूनबाई."

स्वयंपाकघरात बायको मला म्हणाली, "सांगून टाका की एकदा. चुकलं म्हणायला किती दम लागतोय?" मी म्हटलं, "तिच्याकडं त्याशिवाय दुसरं काय आहे?" ती म्हणाली, "पाठीवर फोड हाईत. ते हाईत तिच्याकडं," आणि नळाखाली पंचा धरला. तीन दिवस तिनं आईला गार पाण्यानं पुसलं. तीन दिवस मी बाहेरच्या खोलीत सिसिथ खांद्यावर घेऊन उभा राहिलो. पुस्तक उघडं होतं, ओठ हलत होते. आतून आईचा श्वास एकदम आत ओढल्याचा आवाज यायचा, पंचा टेकला की. शुक्रवारी संध्याकाळी दात वाजायला लागले तर म्हणाली, "त्यांचं बी असंच वाजत हुतं का रं? मला आठवत न्हाय." मी म्हटलं, मलाही आठवत नाही. मला आठवतं.

तिला अजूनही सांगता येईल. आज, आत्ता शटर ओढून घरी जाऊन. पण आता काय सांगायचं? चोवीस वर्षं तू ज्याला श्रद्धा म्हणालीस ती माझी न उतरवलेली पंधरा दिवसांची पानं होती, आणि गेले तीन दिवस तू कुडकुडलीस तेही त्याच पानांसाठी? तापात असलेल्या बाईला हे सांगून मी हलका होईन. ती कशावर टेकून जाईल? आणि नाही सांगितलं, तर तुमच्यासारखीच तीही माझ्या हातून जाईल. मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला. देवाला विचारलं. दारफाळणीचा सण आठवड्यावर आला आहे, त्या दिवशी आपण उपास धरून वर्षभराच्या चुकांची माफी मागतो. माणसाचा अपराध केला असेल तर आधी त्या माणसाकडं जावं लागतं, देव परस्पर माफ करत नाही, हेही मी वाचलं आहे. तुमच्याकडं यायला रस्ता नाही. तिच्याकडं आहे, दोन गल्ल्यांचा, आणि मी इथं बसून कागद लिहितोय.

हा कागद मी घरी नेणार नाही, आईला अजून मोठं अक्षर वाचता येतं. गावाला नेऊन तुमच्या मातीवर ठेवणंही मला जमणार नाही, तिथं आता दुसरं कुणीतरी आहे तुमच्या शेजारी, त्यांची माणसं येतात, ती उघडून वाचतील. इथंच खणात राहील.

एक राहिलं. मला नियम पुरता ठाऊक नव्हता, असं मी बायकोला सांगितलं, आत्ता तुम्हालाही तसंच सांगत आलो. पण सणाच्या त्या पहिल्या सकाळच्या आदल्या रात्री मी तुम्हाला पाच वेळा उचललं होतं. माझी कंबर धरली होती, एकही चादर कोरडी नव्हती, आणि सकाळी तुम्ही डाव्या हातानं बोलावलंत तेव्हा मला पुढं यायचं नव्हतं. "नाही" मी मनात आधीच म्हटलं होतं, आबा. आज सण आहे हे मला त्यानंतर सुचलं, आणि सुचल्यावर बरं वाटलं.